उघड्या दारावरचं कुलूप

प्रिय पेन्सिल,

हे नाव वाचून कपाळाला आठ्या पडल्या असतील तर पडू देत. तुझं खरं नाव लिहायला घेतलं की माझा हात जड होतो, आणि ‘मॅडम’ लिहिण्यापेक्षा तो हात मोडलेला बरा. अंबाड्यात पेन्सिल खोचून तू आमच्या गल्लीत यायचीस म्हणून आईने तुला हे नाव दिलं, आणि आमच्या घरात तू अजून त्याच नावाने आहेस. फोन तू उचलत नाहीस. त्यात तुझी काही चूक नाही. शेवटच्या वेळी मी जे बोललो ते ऐकल्यावर मी स्वतःसुद्धा माझा फोन उचलला नसता. म्हणून कागद घेतला. कागदावर आवाज चढवता येत नाही, एवढं तरी बरं. उद्या सकाळी हे पत्र तुमच्या ऑफिसच्या दारावरच्या शिपायाच्या हातात देईन. त्याने उघडून वाचलं तर वाचू दे बापडा, त्यालाही कधीतरी कुणीतरी आवडलं असेलच.

आधी घरचं सांगतो. आईचे गुडघे वाढलेत. जिना उतरताना ती गुडघ्यांना शिव्या देते आणि चढताना मला. बाबांना आता लांबचं दिसत नाही, पण कुलुपं घडवायला लांबचं कशाला लागतं, म्हणतात. थोरले काका होते तसेच आहेत, ऐकणं कमी आणि बोलणं जास्त. गल्लीच्या मागचं जुनं गोदाम पाडून झालं. भोवती निळे पत्रे ठोकलेत आणि त्यांवर तुमच्या नव्या वस्तीचं चित्र रंगवलंय. काचेच्या इमारती, सावली, बाकावर बसलेली जोडपी. त्या चित्रातल्या एकाही माणसाच्या नखात काळं नाही. पत्र्यांमागे दिवसभर यंत्र धडधडतं, तेव्हा आमच्या बाकावरच्या स्प्रिंगा आणि खिळे आपोआप सरकत कडेला येतात. पडलेलं सापडावं म्हणून आईने खाली जुनी चादर अंथरून ठेवलीय. रोज संध्याकाळी ती झटकते आणि पत्र्यांकडे बघून काहीतरी पुटपुटते, ते मी इथे लिहीत नाही.

आणि मला नोकरी लागली. हसू नकोस. ‘गल्लीतल्या प्रत्येक हाताला काम’ असं निवडणुकीत म्हणत होते ना, त्यातलं माझ्या हाताला आलं ते हे: एक पिवळं जाकीट आणि काठीवर बसवलेली गोल पाटी, एका अंगाने लाल, दुसऱ्या अंगाने हिरवी. पत्र्यांच्या फाटकातून ट्रक आत-बाहेर होताना रस्ता अडवायचा. ज्याला जन्मात कुणी थांबवू शकलं नाही त्याला लोकांना थांबवायचं काम दिलं, असं म्हणून काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. बाबा हसले नाहीत. त्यांनी ते जाकीट उलटंसुलटं करून बघितलं आणि खुंटीवर टांगून ठेवलं, आपल्या एप्रनच्या शेजारी नाही, पलीकडच्या खुंटीवर. गेल्या आठवड्यात नगररचना खात्याची पांढरी गाडी आली. मागे तू होतीस, मांडीवर हेल्मेट घेऊन. शेजारी तो चष्मेवाला इंजिनिअर तुला काहीतरी दाखवत होता. जरा जास्तच वाकून दाखवत होता, पण असो, भांडायचं नाही असं ठरवून बसलोय. मी हिरवी बाजू केली. गाडी गेली. तू मला पाहिलंस की नाही ते मला कळलं नाही, आणि तेव्हापासून डोक्यात तेच भिरभिरतंय. पाहिलं असशील तर वाईट, नसशील तर त्याहून वाईट.

तुझा गल्लीतला पहिला दिवस आठवतो? नगररचनेच्या कॉलेजने आपल्याला वस्त्या मोजायला धाडलं होतं आणि तुझ्या वाट्याला आमची गल्ली आली. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, आमच्याच घरापासून सुरुवात कर, आई जेवल्याशिवाय सोडणार नाही. तू आलीस, दारावर हे एवढं पितळी कुलूप बघितलंस आणि मनातल्या मनात मला लाखोली वाहत कोपऱ्यावरच्या नळापाशी जाऊन बसलीस. शेजारच्या दाराला कुलूप, समोरच्या दाराला कुलूप. तुला वाटलं, अख्खी गल्ली कुणाच्या तरी लग्नाला गेलीय. मी आत वाट बघतोय, तू बाहेर उन्हात. शेवटी आईने मला पाण्याला पिटाळलं, तेव्हा तू नळाखाली मनगटं धरून उभी, तोंड लालबुंद. मी तुला दाराशी नेलं आणि एका बोटाने दार ढकललं. दार उघडलं आणि कुलूप आपलं कोयंड्यात डुलत राहिलं. तेव्हा तुला सांगितलं, की या गल्लीत काम चालू असलं की आपल्या हातचं सगळ्यात देखणं कुलूप कोयंड्यात नुसतं अडकवून ठेवतात, कडी मोकळीच. तीच आमची पाटी. ज्या दारावर कुलूप नाही तिथला कारागीर गेला किंवा थकला, असं समजायचं. तू पायरीवर बसून पोट धरधरून हसलीस. म्हणालीस, साऱ्या दुनियेत कुलूप म्हणजे चालते व्हा, आणि तुमच्याकडे कुलूप म्हणजे या, बसा, पाणी घ्या! पुढे दोन वर्षं तू कधी दार वाजवलं नाहीस. एका बोटाने ढकलून यायचीस. अजूनही दुपारचं दार करकरलं की आई हातातलं टाकून मान वर करते.

कॉलेज मी का सोडलं ते तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. घरी मी सांगितलं की गणित झेपत नव्हतं. सरांनी भिंतीवरच्या नकाशात आमच्या गल्लीवर पट्टी ठेवली आणि म्हणाले, हे जुनाट तेवढं काढलं की शहराला श्वास घेता येईल. मी नकाशे आखायचा टी-स्क्वेअर बाकावर आपटून त्याचे दोन तुकडे केले आणि चालू लागलो. तू फाटकापर्यंत धावत आलीस. मला वाटलं, समजूत काढशील. तू उलट झाडलंस. म्हणालीस, गाढवा, बाहेरून आरडाओरडा करून नकाशे बदलत नसतात, आत बसून बदलावे लागतात. तुला बसवत नसेल तर मी बसते, आत कुणीतरी आपलं हवं. हे शब्द मी जसेच्या तसे लिहिलेत. रागात ऐकलेलं मी विसरतो, पण हे विसरलो नाही.

नंतरही तुझी मॉडेलं आपण आमच्या बाकावरच करायचो. बाकीची मुलं बाजारातून तयार झाडं आणायची, तुला ती प्लॅस्टिकची वाटायची. तू आंघोळीचा स्पंज हिरव्या शाईत बुडवायचीस, मी तो कापायचो आणि खोडाला जळकी काडी. सरळ कापणं माझ्या रक्तात नाही, त्यामुळे तुझी सगळी झाडं जराशी डावीकडे कलायची. तू म्हणायचीस, राहू दे, वारा आहे असं सांगू. त्या झाडांवरून अख्खं कॉलेज तुझं मॉडेल ओळखायचं. मग एक दिवस तू म्हणालीस, परीक्षेला बस, अजून वेळ गेली नाही. आणि मी म्हणालो, माझे काळे हात तुला आता चारचौघांत नकोसे झालेत. असं काहीही नव्हतं. तू पेन्सिल बाकावर ठेवलीस आणि गेलीस. ती पेन्सिल अजून माझ्याकडे आहे, टोक करायची हिंमत झालेली नाही. तुला महापालिकेत नोकरी लागल्याचं मला बाहेरून कळलं. घरी तुझा विषय निघाला की मी उठून जायचो, त्यामुळे तू कुठे काम करतेस हे आमच्याकडे आजही कुणाला ठाऊक नाही. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

मग निवडणूक आली. महापौरपदाच्या त्या उमेदवाराला आमच्याकडे सगळे हसरे साहेब म्हणायचे, कारण पोस्टरवर, ट्रकवर, विजेच्या खांबावर, जिथे बघावं तिथे दात. हसरे साहेब गल्लीत आले, बाबांच्या बाकावर बसले, कुलूप हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाले, या गल्लीचं नवं रूप आणू, कारखाने वर, दुकानं खाली, पोरांना हाताला काम. मी विरघळलो. मी गाडीत बसून भोंग्यावर ओरडत गावभर फिरलो, घसा बसला तर आई मिठाचं पाणी घेऊन गाडीमागे यायची. खरं सांगू? मनात दुसरंच होतं. तू आत नकाशावर, मी बाहेर भोंग्यावर, दोघंही एकाच गल्लीसाठी. वाटायचं, एक दिवस जिंकलो की सरळ तुझ्या ऑफिसात येऊन उभा राहीन.

साहेबांच्या माणसांनी बाबांना एक काम सांगितलं. शेवटच्या सभेत स्टेजवर साहेब शहराच्या प्रगतीचं कुलूप उघडणार, तर तेवढं भलंमोठं कुलूप करून द्या. गल्लीने जेवणखाण सोडून ते केलं. दोघांनी उचलावं लागेल एवढं, आणि किल्ली हातभर लांब. त्याच आठवड्यात वस्तीची पाहणी करायला महापालिकेची माणसं येणार, असं कानावर आलं होतं, कोणत्या दिवशी ते कुणी सांगितलं नव्हतं. बाबा म्हणाले, कधी का येईनात, प्रत्येकाने आपापलं सगळ्यात चांगलं कुलूप दारावर लावा, त्यांना कळू दे इथे काय बनतं ते. म्हाताऱ्यांनी पेटीतली कुलुपं काढून घासली. गल्ली अशी चकाकत होती की बघत राहावं. आणि सभेच्या दुपारी, आपलं कुलूप स्टेजवर उघडताना बघायला अख्खी गल्ली मैदानावर गेली. म्हाताऱ्या, तान्ही बाळं, काकांचं मांजरसुद्धा मागून आलं असं काका सांगतात.

तिथे काय झालं ते तू वर्तमानपत्रात बघितलं असशील. साहेबांनी किल्ली घातली आणि उजवीकडे पिळू लागले. आमच्या गल्लीची कुलुपं डावीकडे उघडतात, हे त्यांना सांगायचं सगळ्यांच्याच राहून गेलं. साहेब पिळतायत, दात तसेच, कपाळावर घाम. शेवटी बाबा गर्दीतून बेंबीच्या देठापासून ओरडले, डावीकडे, साहेब, डावीकडे! मैदान हसून लोळलं. कुलूप उघडलं, टाळ्या पडल्या, फुगे सुटले. बाबांना त्या दिवशी मी जितकं खूश बघितलं तितकं कधीच नाही. परत येताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला होता. आणि त्याच दुपारी, आम्ही तिकडे टाळ्या वाजवत असताना, पाहणीवाले आमच्या गल्लीत येऊन गेले. त्यांनी काय बघितलं? दोन्ही बाजूंना दारं, प्रत्येक दाराला कुलूप, हाक मारली तर आतून ओ नाही. एकाही दाराला त्यांनी बोट लावलं नाही.

हसरे साहेब निवडून आले आणि गल्लीचा निकाल लागला: सगळे कारखाने बंद, जागा वापरात नाही. नव्या इमारतीत गाळा चालू कारखान्याला मिळतो, बंद पडलेल्याला नाही. बाबा महापालिकेत गेले तेव्हा खिडकीतला माणूस म्हणाला, आजोबा, तुमच्याच दाराला कुलूप होतं ना? बाबा हो म्हणाले. होतंच की. घरी येऊन त्यांनी आधी दारावरचं कुलूप काढलं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं, आणि पुन्हा लावलं.

विजयानंतर महापालिकेच्या दालनात नव्या वस्तीचं मॉडेल मांडलं होतं, लोकांनी बघावं म्हणून. मी गेलो. भांडायलाच गेलो होतो, काचेवर घालायला हातात काही आहे का तेही बघून ठेवलं होतं. काचेखाली पांढऱ्या इमारती होत्या आणि जिथे आमची गल्ली असायला हवी तिथे बाग. बागेत झाडं. जळक्या काडीचं खोड, स्पंजचं डोकं, सगळी जराशी डावीकडे कललेली. आता तिथे स्पंज कुणी कापून दिला, तूच मुद्दाम ती तशी कलवलीस की हाताला सवय लागलीय, हे मला माहीत नाही. मी वाकून बघत होतो तेव्हा बागेच्या कोपऱ्यात आणखी एक दिसलं. वाकवलेली टाचणी. नळ. तो नळ महापालिकेच्या कुठल्याच नकाशात नाही, गल्लीने वर्गणी काढून बसवलेला आहे. पेन्सिल, तू नळ बरोब्बर जागेवर लावलास. म्हणजे ‘बंद’ म्हणून आलेल्या त्या दारांवर बाग लावताना ती कुठली दारं आहेत हे तुला नीट ठाऊक होतं. तुला आश्चर्य वाटेल, मी भडकलो नाही. रखवालदार म्हणाला, साहेब, काचेला हात लावू नका, तर मी काढला. घरी चालत आलो. राग आला असता तर बरं झालं असतं, रागाचं काय करायचं ते मला येतं.

तुझ्यावर काय दडपण होतं, कुणी घाई केली, कुणी सांगितलं की पाहणीत आलंय तेवढंच आखायचं, नवीन आहेस, तोंड मिटून काम कर, हे सगळं मी तुझ्या बाजूने स्वतःला सांगून बघितलंय. पाटी घेऊन उभं असताना दुसरं काम काय असतं? तुझ्या बाजूने मी फार चांगला भांडतो. पण संध्याकाळी घरी आलो की चादरीवर पडलेल्या स्प्रिंगा वेचणारी आई दिसते आणि माझा सगळा युक्तिवाद संपतो.

गल्लीने एक वकीलबाई गाठल्यात. स्पष्ट बोलतात, दोन्ही बाजूंना लागेल असं. त्या म्हणाल्या, दारावरच्या कुलपाची रीत तुम्ही शंभर जणांनी सांगितली तरी समोरचे म्हणणार, आता गाळ्यासाठी कहाणी रचलीत. पण आखणी करणाऱ्यांतल्या एखाद्याला ही रीत आधीपासून माहीत होती असं दिसलं, तर पाहणी पुन्हा करावीच लागेल. बाबांनी त्या रात्री जेवताना घास हातात धरून मला विचारलं, तू शिकलास ना त्या पोरांबरोबर, त्या ऑफिसात एक तरी माणूस असेल का रे, ज्याने आपलं दार ढकललंय? मी पाणी प्यालो. आणि आई म्हणाली, आपली पेन्सिल असती ना तिथे, तर हे होऊच दिलं नसतं तिने. काकांनासुद्धा नेमकं तेवढं ऐकू गेलं. ते म्हणाले, खरंय.

दुसऱ्या दिवशी मी वकीलबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, समजा असं कुणी सापडलं तर त्याचं पुढे काय होईल. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाल्या, स्वतःहून सांगितलं तर बोलणी खाईल, दुसऱ्याने दाखवून दिलं तर नोकरी गेली असं समज. मग म्हणाल्या, तुला कुणी माहीत आहे का? मी म्हटलं, महापालिकेतल्या सोमवारच्या सुनावणीत मला बोलायचंय, एवढंच लिहून घ्या. नाव अजून कुणालाही सांगितलेलं नाही.

आता कळलं असेल हे पत्र कशासाठी आहे. सोमवारी मला विचारतील, आणि मी तुझं नाव सांगणार आहे. धमकी समजू नकोस, मला धमकी देता येत नाही हे तुला माहीत आहे, मी सरळ भांडतो. ते नाव तू त्या सभागृहात, त्या चष्मेवाल्याच्या शेजारी बसून, माझ्या तोंडून अचानक ऐकू नयेस एवढ्यासाठी आधी लिहिलं. माझ्याआधी तू ऊठ. आत कुणीतरी आपलं हवं, असं तूच म्हणाली होतीस. मग आता आतून बोल. त्याआधी जमलं तर एकदा गल्लीत ये. बाबांचं सगळ्यात चांगलं कुलूप दारावर आहे, कडी मोकळी आहे. मी आईला काही सांगितलेलं नाही, ती आधी जेवायलाच घालेल. आणि नाहीच आलीस, नाहीच उठलीस, तर सोमवारी मी उभा राहीन तेव्हा माझ्याकडे बघू नकोस. तू बघितलंस तर मला बोलता यायचं नाही, आणि मला बोलायचंय.

त्यानंतरही, तुला नको असलो तरी,
तुझाच
भडकू